‘बाजार’ची गाणी : रडते कोण, कुणासाठी?

काही गाण्यांविषयी बोलताना माणसे एकदम खासगी होतात. ‘हे गाणे चांगले आहे’ असे न म्हणता ‘हे गाणे माझे आहे’ असे म्हणतात. १९८२ साली आलेल्या ‘बाजार’ या चित्रपटातील गाण्यांबद्दल हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे. माझ्या अम्मीने या गाण्यांची कॅसेट रुखवताच्या पेटीत साड्यांखाली जपून ठेवली होती. शेजारच्या खाला ‘करोगे याद तो’ लागले की हातातले काम ठेवत. आमच्या शाळेतील गणिताचे सर, ज्यांना शायरीशी काही देणेघेणे नाही, तेसुद्धा भूपिंदर सिंग यांचा आवाज आला की बोलायचे थांबतात. प्रत्येकाचे दुःख वेगळे आणि गाणे मात्र तेच. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्यांना ही गाणी पाठ आहेत त्यांतल्या फार थोड्यांनी चित्रपट पाहिलेला असतो. पाहिलेला असला तरी कथा आठवत नाही. गाणी आठवतात.

म्हणून कथा आधी थोडक्यात सांगते. सागर सरहदी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हैदराबादेत घडतो. नजमा (स्मिता पाटील) घर सोडून मुंबईत अख्तरच्या आसऱ्याने राहते. अख्तर लग्नाचे वचन देतो आणि पुढे ढकलत राहतो. आखातातून पैसा घेऊन आलेल्या शाकिर खानला कोवळी नवरी हवी आहे. अख्तरचे भले त्याच्या हातात आहे, म्हणून नवरी शोधण्याचे काम नजमाच्या गळ्यात पडते. मुलगी मिळते ती शबनम (सुप्रिया पाठक). गरीब घरातली, आणि सरजूवर (फारूक शेख) जीव असलेली. सरजू नजमाला बहीण मानतो. सौदा ठरतो, निकाह होतो आणि शबनम विष घेते. सलीम (नसीरुद्दीन शाह) हा शायर नजमावर प्रेम करतो आणि तिला आरसाही दाखवतो. पण थांबवू काहीच शकत नाही.

म्हणजे हा चित्रपट मुलगी विकण्याविषयी आहे. त्यातली गाणी मात्र घराघरात प्रेमाची गाणी म्हणून राहिली. हे कसे झाले, त्यात गाण्यांचे यश किती आणि आपली सोय किती, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

संगीतकार खय्याम यांनी या चित्रपटासाठी चार शायरांचे कलाम वापरले. मीर तकी मीर (१७२३–१८१०) दिल्लीचे आणि नंतर लखनौचे. नवाब मिर्झा शौक एकोणिसाव्या शतकातले लखनौचे. मखदूम मोहिउद्दीन (१९०८–१९६९) हैदराबादचे. आणि चौथे आपले बशर नवाज (१९३५–२०१५), औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. हिंदी चित्रपटात असा प्रकार विरळाच. साधारणपणे एक गीतकार सगळी गाणी लिहितो आणि प्रसंगाप्रमाणे शब्द बसवतो. इथे शौक आणि मीर तर सिनेमाचा जन्मच होण्याआधीचे. त्यांचे शब्द शबनमसाठी लिहिलेले नव्हते, ते तिच्यावर येऊन पडले.

मीर यांची गझल लता मंगेशकर यांनी गायली आहे. ‘दिखाई दिये यूं’ या शब्दांनी गाणे सुरू होते, पण गझल तिथे सुरू होत नाही. ज्या शेराने गाणे उघडते त्याच्या पहिल्या मिसऱ्यात काफियाच नाही, म्हणजे तो मतला नव्हे. मूळ मतल्यात एक फकीर येतो, दारावर हाक देतो आणि दुआ देऊन निघून जातो. खय्याम यांनी तो फकीर गाळला आणि मधल्या शेरापासून सुरुवात केली. पहिल्या नजरेच्या प्रसंगाला निरोपाचा शेर कसा चालणार? पण रदीफ कशी गाळणार? ‘कर चले’ ही रदीफ प्रत्येक शेराच्या शेवटी येतेच, आणि तिच्यात निघून जाणे आहे. शबनम आणि सरजू एकमेकांकडे पाहत असतात, आणि गाणे दर दुसऱ्या ओळीला कुणीतरी उठून गेल्याचे सांगत असते. गाळलेला फकीर रदीफीच्या मागच्या दाराने परत येतो. वृत्ताचे म्हणाल तर लगागा लगागा लगागा लगा. मराठी कानाला ही चाल परकी नाही. ‘मनाचे श्लोक’ ज्या भुजंगप्रयातात आहेत त्याचे शेवटचे एक अक्षर काढून टाकले की मीर यांची ही बहर हाती येते. आमच्या शाळेत मराठीच्या तासाला एका मुलीने हे मला हातावर ताल धरून दाखवले. मी तिला शिकवले नव्हते.

दुसरे गाणे ‘फिर छिडी रात’. मखदूम यांची गझल, लता मंगेशकर आणि तलत अजीज यांचे आवाज. मखदूम हे तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचे पुढारी, कम्युनिस्ट पक्षाचे नेते, तुरुंगवास भोगलेले. त्याआधी ते हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकवत. म्हणजे आमच्याच पेशातले. अशा माणसाने इतकी नाजूक गझल लिहिली याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. लढणाऱ्यालाच फुलांची किंमत जास्त कळत असेल. पण या गझलेचे आपल्या समाजात जे झाले ते पाहा. तिची रदीफ फुलांची आहे, काफियांमध्ये ‘बरात’ येतो, म्हणून ती लग्नाच्या हॉलमध्ये, मेहंदीच्या रात्री, वलीम्याच्या चित्रफितीवर हमखास वाजते. मराठवाड्यातल्या कितीतरी लग्नांत मी ती ऐकली आहे. स्टेजवर नवरी मान खाली घालून बसलेली, आणि मुलीच्या सौद्यावरच्या चित्रपटातील गझल लाउडस्पीकरवर. कुणाला खटकत नाही, कारण कुणाला आठवत नाही.

मक्त्यात मखदूम फुलांची रात उचलून वाळवंटात ठेवतात. शायराच्या मनात आखाती देश असण्याचे कारण नाही, त्यांचे निधन १९६९ साली झाले. तरीही वाळवंटातून पैसा घेऊन आलेल्या नवऱ्याच्या कथेत ती ओळ ऐकताना अंगावर काटा येतो. हा योगायोग म्हणा की गझल निवडणाऱ्यांची नजर म्हणा. मला ती नजरच वाटते.

आता बशर नवाज. त्यांच्याविषयी आपण मराठी वाचकांनी थोडे थांबून बोलायला हवे, कारण त्यांचे गाणे देशभर गेले आणि नाव मात्र मागे राहिले. कितीतरी लोक ‘करोगे याद तो’ गुणगुणतात आणि विचारले की सांगतात, साहिर असतील किंवा गुलजार. सिराज औरंगाबादी ज्या शहरात अठराव्या शतकात लिहीत होते, त्याच शहरात बशर नवाज जन्मले आणि तिथेच वारले. १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे हैदराबादच्या कथेत औरंगाबादचा शायर पाहुणा म्हणून आलेला नाही. एकाच घरातला धाकटा भाऊ म्हणून आला आहे.

त्यांचे हे गीत गझल नाही. गझलेसारखा तोंडवळा असलेली ती नज्म आहे. आधी दोन ओळींचा मुखडा, मग तीन-तीन ओळींची कडवी, आणि प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ मुखड्याच्या काफियाकडे परत येते. त्या परतणाऱ्या ओळीचे क्रियापद दर वेळी भविष्यकाळी आहे. आठवेल, सांगेल, परत येईल अशी. आठवणीचे गाणे भूतकाळात असते अशी आपली कल्पना. हे गाणे आठवणीचे आहे आणि तरी सगळे पुढे घडणार आहे. काय घडले ते शायर सांगतच नाही. भेट कुठे झाली, कोण कुणाला सोडून गेले, चूक कुणाची, एक शब्द नाही. चंद्र आहे, ढग आहे, पाऊस आहे, गल्लीच्या वळणावरचे एक सुने दार आहे. दरवाज्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरातल्या शायराला दारच सुचावे हे मला फार आवडते. पण ते दार कुणाचे हे लिहिलेले नाही. म्हणून खालाला त्यात स्वतःच्या माहेरचे दार दिसते, सरांना आणखी कुठले दिसत असेल. भूपिंदर सिंग यांचा आवाजही तसाच. जड, थोडा खरखरीत, रडण्याच्या अलीकडे थांबलेला. तो स्वतः रडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला जागा मिळते.

गाणे ‘आपले’ होते ते असे. त्यात जितके कमी सांगितलेले असेल तितके जास्त लोक त्यात मावतात. हे काम सोपे नाही. कमी सांगून रिकामे वाटू न देणे ही मोठ्या शायराची खूण आहे, आणि बशर नवाज यांनी ती सहज केली आहे. मी या गाण्याला चारांत सर्वांत सफाईदार मानते.

पण माझी तक्रारही याच गाण्याशी आहे. चित्रपटात ते सलीम आणि नजमाचे आहे, म्हणजे वाया गेलेल्या प्रेमाचे. शबनमचे घर मोडत असताना सुशिक्षित, संवेदनशील माणसे आपापल्या आठवणीत बुडालेली आहेत. सलीम बोलतो चांगले, लिहितो चांगले आणि करत काही नाही. ऐकणारेही नेमके तेच करतात. त्या सुन्या दारात आपण स्वतःला उभे करतो, स्वतःसाठी दोन अश्रू ढाळतो, मन हलके होते, आणि शबनम बाजूला राहते. गाण्याने आपल्याला हलवले हे खरे. पण हलवून नेले कुठे? आपल्याच खोलीत.

यावर कुणी म्हणेल, ‘बाई, गाणे म्हणजे काही समाजसुधारणेचे पत्रक नव्हे. मीर यांची गझल शबनमच्या आधी दोनशे वर्षे होती, ती तिच्यानंतरही राहणार. चित्रपटातून सुटून गाणे लोकांचे झाले, यात वाईट काय?’ म्हणणे बरोबर आहे. मी स्वतः मीर शिकवताना ‘बाजार’चे नावही घेत नाही. पण जिथे दुःख आपल्याच मोहल्ल्याचे आहे तिथे हे सुटणे मला इतके निरागस वाटत नाही. चित्रपटानंतर नऊ वर्षांनी, १९९१ साली, हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एका हवाई सुंदरीला दहा-अकरा वर्षांची मुलगी रडताना दिसली. शेजारी साठीचा अरब नवरा बसलेला होता. देशभर बातमी झाली, खटला चालला. तोपर्यंत ‘बाजार’ची गाणी घरोघरी पोहोचली होती. ज्या घरांतून मुली गेल्या त्यांतल्या कितीतरी घरांत ती वाजली असतील. गाण्याने त्यांना थांबवायला हवे होते असे मी म्हणत नाही. इतके खोलवर रडवणारी गाणी आणि ती विक्री एकाच गल्लीत शेजारी-शेजारी राहू शकली, एवढेच सांगते.

आपल्याकडे मराठवाड्यात आखाती नवरे फारसे येत नाहीत. पण सातवी-आठवीनंतर पुढचा उर्दू वर्ग गावात नाही म्हणून घरी बसवलेल्या आणि मग ‘चांगले स्थळ आले’ म्हणून उजवलेल्या मुली मी दरवर्षी पाहते. हजेरीपटावरचे नाव आधी लाल शाईने गैरहजर होते, मग पुढच्या पानावर नसतेच. गेल्या स्नेहसंमेलनाला आठवीच्या मुलींनी ‘फिर छिडी रात’ निवडले. मी त्यांना आधी कथा सांगितली. सगळ्या ऐकत होत्या. एकीने विचारले, “टीचर, उसकू कोई पूछाच नै क्या?” त्या मुलीने चित्रपट पाहिला नव्हता, समीक्षा वाचली नव्हती, आणि नेमका मुद्दा हाती धरला. निकाहात मुलीचा होकार लागतो हे त्या मदरशात शिकलेल्या असतात. मेहर हा मुलीचा हक्क आहे, तिच्या बापाला मिळणारी किंमत नाही, हेही. शबनमला विचारण्याचा विधी झालाच असणार. विचारले मात्र कुणी नाही.

म्हणून मी चौथ्या गाण्याकडे येते. ‘देख लो आज हम को’ हे जगजीत कौर यांनी गायलेले गाणे म्हणजे मिर्झा शौक यांच्या ‘जहर-ए-इश्क’ या मसनवीतील ओळी आहेत. त्या मसनवीत एका व्यापाऱ्याची मुलगी प्रेमात पडते. घरच्यांना कळते, ते तिला बनारसला पाठवायचे ठरवतात. जाण्याआधी ती प्रियकराला शेवटचे भेटते, निरवानिरव करावी तसे बोलते आणि विष घेते. ज्याला मसनवी ठाऊक आहे त्याला हे गाणे सुरू होताच शबनमचा शेवट कळतो. बाकीच्यांना ते एक उदास गाणे वाटते. चित्रपटाने अर्ध्या प्रेक्षकांच्या कानात मृत्यूची बातमी आधीच सांगून ठेवली आहे, आणि तीही शंभराहून अधिक वर्षे जुन्या शब्दांत.

इथे एक गोष्ट मला वृत्त मोजताना सापडली. मखदूम यांची फुलांची गझल आणि शौक यांची ही मसनवी एकाच बहरीत आहेत. गालगागा लगालगा गागा. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’ने आपल्याला अक्षरे मोजायची सवय लावली आहे, वाचकांनी दोन्ही मुखडे म्हणून पाहावेत. वरातीचे गाणे आणि मरणाचे गाणे एकाच पावलांनी चालते. चाली वेगळ्या आहेत, म्हणून हे चटकन कानाला कळत नाही. पण दोन्ही गाणी एकामागून एक ऐकली की आतून काहीतरी ओळखीचे लागते, ते हे असावे.

चारही गाण्यांतले बोलणारे कोण, ऐकणारे कोण, हे जरा पाहू. मीर यांच्याकडे ‘मी’ आहे, स्वतःपासून तुटलेला. मखदूम यांच्याकडे जवळजवळ कुणीच नाही, फुले आणि रात्र आहेत. बशर नवाज यांच्याकडे ‘तू’ आहे, ज्याला पुढे कधीतरी सगळे आठवेल. या तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला शिरायला दार उघडे आहे. शौक यांच्याकडे आज्ञार्थ आहे. बघा. आम्हाला बघा. इथे ऐकणाऱ्याला स्वतःकडे वळता येत नाही, कारण गाणे त्याला सांगते की समोर बघ, ही मुलगी आहे आणि ही शेवटची वेळ आहे. तो रडणारा उरत नाही, साक्षीदार होतो. आणि साक्षीदाराला उद्या कुणीतरी विचारू शकते की तू तेव्हा कुठे होतास.

खय्याम यांनी हे गाणे लताबाईंना न देता जगजीत कौर यांना दिले. त्या त्यांच्या पत्नी होत्या हे कारण सांगून काही जण विषय संपवतात. मला ते पुरेसे वाटत नाही. लताबाईंचा आवाज दुःखालाही इतका स्वच्छ करतो की ते सुंदर होऊन जाते. जगजीत कौर यांच्या आवाजात घरातली बाई आहे. अंगणात, भांड्यांच्या आवाजात, कुणी ऐकत नाही असे समजून गाणारी. त्या फार थोडे गायल्या. १९६४ सालच्या ‘शगुन’मधील ‘तुम अपना रंज-ओ-गम’ हेही त्यांचेच, खय्याम यांच्याच संगीतातले. तिथेही सजावट नाही. शबनमच्या तोंडी चित्रपटात जी भाषा आहे तिच्याशी शौक यांची लखनवी उर्दू जुळत नाही, पण हा आवाज ते अंतर मिटवतो.

भाषेचा हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटलेला नाही. शबनमसारखी हैदराबादेतली गरीब मुलगी दख्खनी बोलणार, जी थोड्या फरकाने आपल्या घरातही बोलली जाते. तिच्या लग्नात बायका ढोलक घेऊन बसणार आणि ढोलकचे गीत म्हणणार. सासूची, नणंदेची थट्टा, मध्येच बापाला टोमणा, आणि हसता-हसता माहेर तुटल्याची एखादी ओळ. चित्रपटात लग्नघराचे एक गाणे आहे, जगजीत कौर आणि पामेला चोपडा यांनी गायलेले. ते गोड आहे, पण त्याचा वास उत्तरेकडचा आहे. चार मोठे शायर शबनमच्या मदतीला आले आणि तिची स्वतःची बोली तेवढी आली नाही. दख्खनी आपल्याकडे विनोदाची भाषा मानली जाते. पडद्यावर ती बोलली की प्रेक्षक हसायला तयार बसलेले असतात. कदाचित म्हणूनच सरहदी आणि खय्याम यांना दुःखासाठी तिच्यावर विश्वास ठेवता आला नसेल. पण ढोलकवर बसलेल्या आमच्या नान्या-दाद्यांनी तो विश्वास कायम ठेवला होता. त्यांची गीते कुणी मराठवाड्यात गावोगाव फिरून लिहून घेतली तर त्यांत शबनम किती वेळा, किती नावांनी भेटेल हे पाहण्यासारखे आहे. माझ्या वहीत आतापर्यंत सतरा गीते झाली आहेत. त्यांतल्या चारांत नवरा मुलीपेक्षा खूप मोठा आहे, आणि बायका ते हसत-हसत म्हणतात.